साडेआठचा रस्ता

पंचाहत्तर वर्षांचे होईपर्यंत आमचे बाबा एकदाही ट्रॅफिकमध्ये अडकले नव्हते, आणि ही गोष्ट ते विचारणाऱ्याला तर सांगायचेच, न विचारणाऱ्याला आधी सांगायचे. दवाखान्यात बाकावर शेजारी बसलेल्याला, न्हाव्यापुढे मान खाली घालून बसलेल्या गिऱ्हाइकाला, माझ्या दुकानात चष्म्याची काच बदलायला आलेल्या परक्या बाईला. आज रस्त्याला फार गर्दी होती, असं कोणी नुसतं म्हणायचा अवकाश, बाबा खुर्ची पुढे ओढायचे. गर्दी टाळायचा उपाय सोपा आहे, ते म्हणायचे. सकाळी साडेआठ ते साडेदहा आणि संध्याकाळी साडेपाच ते आठ अख्खं गाव रस्त्यावर असतं, तेव्हा आपण नसायचं. एवढं सांगून ते समोरच्याकडे अशा नजरेने बघायचे, की त्याने आता निदान आभार तरी मानावेत.

बाबांची बेकरी होती. गाव झोपेत असताना ते भट्टी पेटवायला जायचे आणि लोक आपापल्या कचेऱ्यांत जाऊन बसले की रिकाम्या रस्त्याने घरी यायचे. बेकरी विकून बरीच वर्षं झाली होती, पण सवय गेली नव्हती. माझ्या लग्नाला ते हॉलचं कुलूप उघडायच्या आधी पोचले होते आणि वॉचमनबरोबर चहा पीत बसले होते. मामाला स्टेशनवर सोडायला गेले ते इतक्या लवकर, की त्याला आधीची गाडी मिळाली असती. आईचे गुडघे धरायला लागले आणि डॉक्टरांनी तिला पोहायला सांगितलं, तेव्हा बाबांनी तरणतलाव उघडणाऱ्या माणसाशीच दोस्ती केली. तेव्हापासून रोज उजाडायच्या आत दोघं गाडी काढायची, त्या एवढ्या मोठ्या तलावात आई एकटी पोहायची, बाबा काठावर बसून टोस्ट खायचे, आणि गाव जागं व्हायच्या आत दोघं घरी.

गाडीवर एक ओरखडा नाही, आयुष्यात एकदाही दंड नाही. यावरून बाबांनी असं ठरवलं होतं की आपण उत्तम ड्रायव्हर आहोत. आम्हीही तसंच ठरवलं होतं. रस्त्यावर दुसरं कोणी नसेल तर माणूस धडकणार कोणाला, हा साधा विचार आमच्या घरात कोणाच्याही डोक्यात आला नाही. मी दिवसभर लोकांची नजर तपासते, त्यामुळे मला हे आधी दिसायला हवं होतं, असं माझा नवरा म्हणतो. त्याला काय, म्हणायला पैसे पडत नाहीत.

बाबांना पंचाहत्तर पूर्ण झाली आणि परवान्याच्या कचेरीतून बोलावणं आलं. आमच्याकडे नियम असा की पंचाहत्तरीनंतर परवाना हवा असेल तर परीक्षकाला शेजारी बसवून गाडी चालवून दाखवायची. ही कचेरी सरसकट पास-नापास करत नाही. परवान्यावर हाताने अटी लिहून देते, आणि त्याबद्दल ती प्रसिद्ध आहे. शेजारच्या आजोबांना 'फक्त दिवसाउजेडी' अशी अट मिळाली. त्यांच्या मित्राला 'चष्मा लावूनच' मिळाली. आईच्या एका मैत्रिणीला 'शेजारी नवरा बसलेला नसताना' अशी मिळाली, आणि ती तिने स्वतः मागून घेतली अशी बोलवा आहे.

बाबांना अटींचं काही नव्हतं. त्यांची पाचावर धारण बसली ती वेळ वाचून. सकाळी साडेआठ.

त्यांनी कचेरीत फोन करून पहाटेची वेळ मिळेल का असं विचारलं. पलीकडचा कारकून हसला, आणि मग हे आजोबा खरंच विचारताहेत हे कळल्यावर शेजारच्या टेबलावरच्यालाही ऐकवून पुन्हा हसला. त्या दिवसापासून बाबा गप्प झाले. डाव्या मनगटात कळ येते म्हणाले. मग गाडीचा आवाज बरोबर येत नाही म्हणाले. शेवटी एका दुपारी आई रिक्षा करून माझ्या दुकानात आली, डोळे तपासायच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "त्यांना गर्दीत चालवता येत नाही गं. कधी चालवलीच नाही. काल रात्री मला सांगितलं, तेही दिवा मालवल्यावर."

मला आधी हसू आलं. आईला नाही आलं, म्हणून मी ते गिळलं. मग तिने सरळ सांगितलं की परवाना गेला तर काय होईल. तलावाकडे बस जात नाही. रोज रिक्षा करणं तिला पटणार नाही. जावयाच्या गाडीत बसणं बाबांना पटणार नाही, कारण जावई गाडी चालवताना सल्ले देतो. म्हणजे तिचे गुडघे पुन्हा धरणार आणि बाबा दिवसभर घरात बसून तिला कांदा कसा चिरायचा ते शिकवणार. हे सगळं ती थट्टेच्या सुरात बोलत होती, पण पर्सचा बंद बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.  एकमेकांना घेऊन कुठे जाता येणं, एवढंच त्या दोघांचं उरलेलं होतं, आणि ते साडेआठच्या गर्दीत अडकलं होतं.

सराव करू म्हटलं तर बाबा तयार होईनात. एका रविवारी कसेबसे झाले, तर रविवारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं, म्हणून गाडी काढलीच नाही.

तेव्हा आमच्या धाकटीने यात लक्ष घातलं. धाकटी म्हणजे माझी बहीण. ती रेडिओवर असते. रोज सकाळी कुठल्या रस्त्यावर किती गर्दी आहे, कुठून जावं, कुठून जाऊ नये, हे ती गावाला सांगते. तिचा आवाज गोड आहे, पण गावाला फक्त तेवढाच भाग माहीत आहे. तिने डावीकडे वळा म्हटलं की अर्धं गाव डावीकडे वळतं. घरात मात्र तिचं कोणी ऐकत नाही, त्यामुळे ही सत्ता तिच्या थोडी डोक्यात गेलेली आहे.

तिची योजना अशी. परीक्षेचा मार्ग ठरलेला असतो: कचेरीतून निघायचं, मोठ्या रस्त्याने माझ्या दुकानावरून मोठ्या चौकापर्यंत जायचं, चौकाला वळसा घालून परत. तर त्या दिवशी साडेआठला ती मोठ्या रस्त्याने जाऊ नका, बाजाराच्या रस्त्याने जा, असं सांगणार. गाव बाजाराकडे वळणार. मोठा रस्ता पहाटेसारखा रिकामा. बाबा राजासारखे जाऊन येणार.

मी म्हटलं, खोटी बातमी दिलीस तर नोकरी जाईल. त्यावर तिने मला वेड्यात काढलं. खोटं कोण बोलतंय, ती म्हणाली, मी फक्त एवढंच सांगणार की मोठ्या रस्त्यावर एक वाहन अतिशय संथ गतीने चाललेलं आहे. "ते तर खरंच असणार आहे ना, ताई?"

 आणि खरं सांगायचं तर मला योजना आवडली होती.

बाबांना यातलं काही सांगायचं नाही असं ठरलं. त्यांना कळलं असतं तर ते स्वतःच कचेरीत जाऊन सांगून आले असते. आईला सांगितलं. ती म्हणाली की मुलींनी असले धंदे करू नयेत, आणि बाजाराच्या रस्त्याला लोक खरंच जातील ना, हे दोनदा विचारून घेतलं.

परीक्षेच्या दिवशी बाबा अर्थातच कचेरीच्या फाटकाशी सूर्य उगवायच्या आधी जाऊन उभे राहिले. मी नंतर रिक्षाने तिथे पोचले, कारण उमेदवाराच्या एका नातेवाइकाला मागच्या सीटवर बसायची परवानगी असते. अट एकच: नातेवाइकाने तोंड उघडायचं नाही. एक शब्द निघाला तर परीक्षा रद्द. हा नियम ज्याने केला त्याच्या घरी माझ्यासारखी मुलगी असणार, असं बाबा म्हणाले. त्या सकाळी त्यांनी केलेला हा एकच विनोद.

परीक्षक बाई चाळिशीच्या, करड्या कुर्त्यातल्या, केस घट्ट बांधलेल्या होत्या. त्यांच्या चष्म्याची फ्रेम जुनी होती आणि डाव्या बाजूला कलंडली होती, पण मला बोलायची बंदी होती. त्या पुढे बसल्या, पट्टा लावला, रेडिओ बंद करायला सांगितला आणि म्हणाल्या, चला आजोबा. बाबांनी गाडी काढली. त्यांच्या मानेवरून घाम ओघळताना मला मागून दिसत होता.

आम्ही मोठ्या रस्त्याला लागलो, आणि रस्ता रिकामा होता.

धाकटीचं मला पहिल्यांदाच कौतुक वाटलं. साडेआठ वाजलेले, ऊन पडलेलं, दुकानांच्या फळ्या निघताहेत, आणि एवढ्या रुंद रस्त्यावर आमची एकटी गाडी. बाबांचे खांदे खाली आले. त्यांनी एक मोठा श्वास घेतला, गाडीला वेग दिला आणि रोज चालवतात तशी चालवायला सुरुवात केली. आणि मागच्या सीटवर मी दाराची मूठ धरली, कारण ते रोज कशी चालवतात हे मी कधी बघितलंच नव्हतं. त्यांच्याबरोबर जायचं म्हणजे पहाटे उठावं लागतं.

रस्त्याच्या मधोमध ती पांढरी रेघ असते ना, ती बाबा बरोबर दोन चाकांच्या मधे धरतात. अंधारात तिचाच आधार असतो. तशी ती धरून ते निघाले, अर्धी गाडी आपल्या बाजूला, अर्धी पलीकडच्या. परीक्षक बाईंनी एकदा रेघेकडे आणि एकदा बाबांकडे बघितलं. बाबा शिट्टी वाजवत होते. मोठा चौक आला. चौकाला वळसा घालायचा असतो, पण उजवीकडून गेलं तर अंतर वाचतं, म्हणून बाबा उजवीकडून गेले. पुढे सिग्नल होता. पहाटे सगळे सिग्नल नुसते पिवळे लुकलुकत असतात. बाबा हळू होतात, दोन्हीकडे बघतात आणि जातात. हा लाल होता. बाबा हळू झाले, दोन्हीकडे बघितलं आणि निघाले.

"थांबा," परीक्षक बाई म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता, पण बाबांनी करकचून ब्रेक लावला. गाडी पट्ट्यांच्या पुढे जाऊन थांबली.

"दिवा लाल होता, आजोबा."

"हो," बाबा म्हणाले. "पण कोणी नव्हतं."

"तुम्ही चौकाला उलटे गेलात."

"कोणी नव्हतं ना मॅडम."

परीक्षक बाईंनी मान वळवून मागचा रस्ता बघितला, मग पुढचा बघितला. मग मनगटावरचं घड्याळ बघितलं. या वेळेला इथे मुंगीला जागा नसते, त्या स्वतःशीच पुटपुटल्या. मी खिडकीबाहेर बघत बसले. मला अचानक आमच्या गावातल्या विजेच्या खांबांबद्दल फार कुतूहल वाटायला लागलं होतं.

"आणि कोणी असतं तर?" त्यांनी बाबांना विचारलं.

बाबांनी यावर खरंच विचार केला. ते खोटं बोलत नाहीत. खोटं सुचायला लागतो तेवढा वेग त्यांना नाही. "कोणी असतं तर थांबलो असतो," ते म्हणाले. "कोणी समोर असलं की मी थांबतोच."

बाईंनी हातातल्या कागदावर काहीतरी खोडलं. मग म्हणाल्या की रिकाम्या रस्त्यावरची परीक्षा आमच्या नियमात धरतच नाहीत, ती वाहतुकीतच द्यावी लागते. वेळ साडेआठची देतात ती उगाच नाही. तेव्हा आतापर्यंतचं सोडून देऊ. "चला, कोणी असेल तिथे जाऊ. पुढे डावीकडे घ्या. बाजाराचा रस्ता."

मी तोंड उघडलं. मी ते मिटलं. माझ्या आयुष्यात मी इतकं मोठं वाक्य कधी गिळलेलं नाही.

डावीकडे वळलो आणि अख्खं गाव समोर उभं होतं. उभंच होतं, कारण हलायला जागा नव्हती. भाजीचे टेम्पो, शाळेच्या गाड्या, दुचाक्या, बँकेतले लोक, दोन बसगाड्या एकमेकींच्या मागे अडकलेल्या. आमच्या मागेही लगेच गाड्या येऊन लागल्या, म्हणजे परतायची सोय नाही. बाबांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं.  मला त्या क्षणी गाडीतून उतरून धाकटीच्या स्टुडिओत जावं आणि तिचा मायक्रोफोन तिच्याच डोक्यात घालावा असं वाटत होतं.

परीक्षक बाई वैतागल्या. हे काय चाललंय आज, बघू तरी, म्हणत त्यांनी स्वतःच हात पुढे करून रेडिओ लावला. आणि आमच्या धाकटीचा गोड आवाज गाडीभर पसरला. ती म्हणत होती की मोठ्या रस्त्यावर एक वाहन अजूनही अतिशय संथ गतीने चाललेलं आहे, त्यामुळे मंडळींनी बाजाराच्या रस्त्यानेच जावं, तिकडे सगळं कसं छान चाललंय.

बाबांनी आरशात माझ्याकडे बघितलं.

आजवर बाबांनी माझ्याकडे बऱ्याच वेळा रागाने बघितलेलं आहे. हे तसं नव्हतं. सकाळपासून रिकामा रस्ता का मिळाला आणि हा असा का मिळाला, हे सगळं त्यांच्या डोळ्यांत एकेक करून जुळत गेलं, आणि शेवटी तिथे जे उरलं ते बघून मला रडू फुटायला आलं. आपल्याला हे जमणार नाही असं आपल्या मुलींना वाटलं, हे त्यांना कळलं होतं.

"ही बाई नेहमी असंच सांगते का?" परीक्षक बाईंनी विचारलं. "ओळखता तुम्ही हिला?"

मी डोळे मिटले. बाबा काय बोलणार यावर आता धाकटीची नोकरी होती, आणि बाबा खोटं बोलत नाहीत.

"आवाज ओळखीचा आहे," बाबा म्हणाले. "रोज ऐकतो."

खरं बोलायची ही पद्धत धाकटीने कुठून उचलली, ते मला तेव्हा कळलं.

मग बाबांनी स्टिअरिंगवरचा एक हात काढला, तो पँटला पुसला, आणि काच खाली केली. पुढची गाडी हातभर सरकली. बाबा हातभर सरकले आणि थांबले. परत सरकले, परत थांबले. डावीकडच्या बोळातून एक दुधाचा टेम्पो नाक पुढे काढून उभा होता. बाबांनी त्याला हाताने खूण केली, या, तुमचं आधी. बेकरीच्या गल्ल्यावर ते अशीच खूण करायचे. टेम्पोवाल्याचा विश्वास बसेना. त्याने छातीवर बोट ठेवून मी का असं विचारलं. बाबांनी मान हलवली. त्याच्यामागून एक दुचाकी आली, तिलाही जाऊ दिलं. एक म्हातारी पिशवी घेऊन रस्ता ओलांडायला उभी होती; बाबा तिच्यासाठी असे थांबले की तिने मधेच उभं राहून त्यांना तब्येत विचारली.

मागून हॉर्न वाजत होते. बाबांना ते ऐकूच येत नसावेत. ते दोन्ही बाजूंना बघत होते. शेजारच्या गाडीत एक माणूस आरशात बघून टाय बांधत होता. त्याच्या पुढच्या गाडीत नवरा-बायको कडाकडा भांडत होती आणि मागे दोन पोरं आरामात खात बसली होती. बसच्या खिडकीतून कोणीतरी कोणालातरी फोनवर सांगत होतं की मी पोचलोच.

"एवढी माणसं रोज असतात?" बाबांनी विचारलं.

"रोज," परीक्षक बाई म्हणाल्या.

"आपल्याच गावातली?"

बाई हसल्या. सकाळपासून पहिल्यांदा. त्यांनी कलंडलेला चष्मा काढून पुसला आणि बाबांनी देऊ केलेला टोस्ट घेतला. त्यानंतर त्या रस्त्यावर आम्ही किती वेळ होतो ते मी सांगणार नाही, कारण कोणाला खरं वाटणार नाही. बाबांनी एकदाही रेघ ओलांडली नाही, पुढच्या गाडीपासून नेहमी अंतर ठेवलं, लाल दिव्याला थांबले, हिरव्याला निघाले, हॉर्नला हात लावला नाही. दोन बसगाड्यांच्या मधून तर त्यांनी गाडी अशी काढली, की बसच्या ड्रायव्हरने वरून मान झुकवून दाद दिली. सगळ्यांना पुढे जाऊ देत देत आम्ही कचेरीच्या फाटकाशी आलो, तेव्हा बाईंचे पुढचे दोन उमेदवार ताटकळून घरी निघून गेले होते.

बाबांनी गाडी बंद केली. बाईंनी परवाना मांडीवर ठेवला, पेनचं टोपण काढलं आणि थांबल्या.  त्या म्हणाल्या, आजोबा, गर्दीत तुमच्याइतकं चांगलं चालवणारं माणूस माझ्या शेजारी या वर्षात बसलेलं नाही. आणि रिकाम्या रस्त्यावर तुमच्याइतकं भयंकरही नाही. ते परीक्षेत धरलं नाही, पण मी ते बघितलंय, आणि बघितलेलं मला विसरता येणार नाही. मग त्यांनी अट लिहिली, सही केली आणि परवाना बाबांच्या हातात दिला.

बाबांनी चष्मा लावून वाचली. परत वाचली. मग तो कागद त्यांनी मागे माझ्याकडे दिला. त्यावर लिहिलं होतं: 'फक्त गर्दीच्या वेळी. आजूबाजूला वाहनं नसताना गाडी चालवू नये.'

बाई फाटकातून आत गेल्यावर मला बोलायची परवानगी मिळाली. मी म्हटलं, बाबा, चुकलं आमचं. बाबा म्हणाले, हो, चुकलंच. मग म्हणाले की परत असं करू नका, आणि धाकटीला सांग, तिने तो टेम्पो बाजारात पाठवायला नको होता, त्याचं दूध नासलं असतं. बस, विषय संपला. आमच्या घरात राग ताटात एवढाच वाढतात.

आईला अट दाखवली तर ती पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. बाबांना हसू येत नव्हतं. जन्मभर जे टाळलं ते सरकारने सही-शिक्क्यानिशी गळ्यात बांधलं होतं. पण दुसऱ्या दिवशी साडेआठला दोघं निघाली. पंधरा मिनिटांचा रस्ता, तासाभराने तलावावर पोचली, आणि आईला पाण्यात पहिल्यांदाच इतर बायका भेटल्या. आठवड्याभरात तिच्या तिथे मैत्रिणी झाल्या. बाबांचे मित्र रस्त्यातच झाले. टायवाला माणूस रोज बाबांच्या शेजारी अडकतो. त्याला आता बाबा गाठ सरळ आहे की नाही ते सांगतात. गर्दी कशी टाळावी हे ते हल्ली कोणाला सांगत नाहीत. उलट न्हाव्याकडे बसून म्हणतात, की लोक उगाच तक्रार करतात, गर्दीत बसायची एक पद्धत असते.

आणि मग शाळांना सुट्टी लागली.

त्या सोमवारी मी दुकान उघडून काचा पुसत होते. बाबांची गाडी एका दुधाच्या टेम्पोच्या मागोमाग मोठ्या रस्त्याने आली, टेम्पो बोळात वळला, आणि गाडी माझ्या दारासमोर कडेला थांबली. पुढे आई बसलेली, डोक्याला पोहायची टोपी घालून तयार. मी बाहेर गेले. बाबा स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होते. समोर काही नव्हतं. मागेही काही नव्हतं. शाळेच्या गाड्या नाहीत, पोरांना सोडणारे आईबाप नाहीत, टायवालासुद्धा रजेवर गेलेला. रस्ता लांबपर्यंत मोकळा पडला होता.

"जा ना मग," मी म्हटलं.

"कसा जाऊ?" बाबा म्हणाले. "कोणी नाहीये."

मी म्हटलं कोण बघतंय, इथून दोन मिनिटांचा तर रस्ता आहे. बाबांनी मला परवान्यावरची अट तोंडपाठ म्हणून दाखवली. मग ते गाडीतून उतरले, दुकानात आले, आणि माझ्या फोनवरून, स्पीकर लावून, त्यांनी धाकटीला स्टुडिओत फोन लावला. ती बातम्यांच्या मधे होती. दोन मिनिटं आहेत म्हणाली, काय झालं?

"गर्दी पाठव," बाबा म्हणाले.

 मग धाकटीचा आवाज आला. ती बिचारी हळू आवाजात सांगत होती की बाबा, आता मी तसलं काही करणार नाही, मी शपथ घेतलीय, तुम्हीच म्हणालात परत असं करू नका.

"तसलं कर कोण म्हणतंय?" बाबा म्हणाले. "खोटं नको सांगू. जे आहे ते सांग. मोठा रस्ता मोकळा आहे म्हणून सांग."

त्यांनी फोन ठेवला आणि जाऊन गाडीत बसले. मी दुकानातला रेडिओ मोठा केला. धाकटीने घसा साफ केला, आणि तिच्या त्या गोड आवाजात गावाला सांगितलं की मंडळी, मोठा रस्ता आज अगदी मोकळा आहे, या वेळेला असा क्वचितच मिळतो.

आम्ही तिघं वाट बघत राहिलो. पहिल्यांदा बाजाराच्या बाजूने एक टेम्पो वळला. मग दोन गाड्या. मग दुचाक्यांचा एक घोळका, त्यामागे बस, आणि बसमागे पुढे घुसू बघणारी चार-पाच गाड्यांची रांग. बघता बघता माझ्या दारासमोरून पाऊल टाकायची सोय राहिली नाही आणि पहिला हॉर्न वाजला. आईने काच खाली करून मागे डोकावून बघितलं.

"आली एकदाची," ती म्हणाली, आणि बाबांनी गाडी सुरू केली.